चौथं बोट

जंगल सकाळी साडेआठला झाडून झालं होतं.

*

नुकसान-वही, पान एकशे बारा. कप्पा सव्वीस. पक्षी: तीन. शेरा: तीन बोटे.

*

"एक पान करायला चार मिनिटं लागतात. अशी अठरा हजार पानं. गुणाकार करू नका. मी केला होता, रडू आलं."

*

सूचनावही, गुरुवार. "मगरीच्या खालच्या जबड्यात एक दात जास्त वाटतो. कृपया मोजावेत. — एक नागरिक." त्याखाली वेगळ्या शाईत: "मगर मोजली. दात बरोबर आहेत. आपले मोजून पाहावेत."

*

पितळेची एक किल्ली. काळ्या दोऱ्यात ओवलेली. तीस वर्षं एकाच गळ्यात.

*

"साहेब, तुमचा पक्षी दाराशी पडला होता."

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. इकडेतिकडे पडलेत, कबूल! पण तुकडे दिसले की जोडायचे, आणि एखादा कमी वाटला तर आपल्या हातानं नवा करून बसवायचा, हेच तर बारीकरावांचं काम. आणि त्याच कामानं त्या दिवशी त्यांचा घात केला.

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे आणि ते तिथंच सुखात आहे. संग्रहालयाच्या तळघरात एक लांबट खोली होती. तिला सगळे नमुनाघर म्हणत. तिथं तारा, प्लॅस्टर, मेण, काचेचे डोळे आणि एका केसाचे ब्रश घेऊन बारीकराव प्राणिपक्ष्यांचे नमुने घडवत. खारीच्या मिशा मोजून लावत. बेडकाच्या पाठीवरचे फोड भिंगातून पाहून उठवत. घरी वरणात मोहरी किती आहे हेसुद्धा ते सांगू शकले असते, पण घरी त्यांना कुणी विचारत नसे.

त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण, आक्का, बसायची. ती पानं करायची. फक्त पानं! मेणकागदाची, कापडाची, हिरवी, पिवळी, किडकी, कुरतडलेली, सडत आलेली. बारा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. मग दोन महिने तिचे हात थरथरत होते. चहाचा कप धरला की बशीला टाळ वाजवायला लावायचे. भावानं एक दिवस तिला इथं आणून बसवलं आणि हातात कात्री दिली. पहिल्या शंभर पानांनंतर हात थांबले. तेव्हापासून आक्का पानांतून उठली नाही.

आता नव्या संचालकबाई. त्या सहा महिन्यांपूर्वी आल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पडदे होते. म्हणजे हलत्या चित्रांचे, मोठमोठे, भिंतभर पडदे.

"पडद्यावर पक्षी उडतो, बारीकराव," त्या म्हणाल्या. "तुमचा नुसता बसून असतो."

"बसलेला पक्षी ओळखता येतो, बाई. उडालेला नुसता गेलेला असतो!"

"मुलं तुमच्या देखाव्यासमोर अर्धं मिनिटही थांबत नाहीत."

"कारण तिथं शोधायला काही चूक नसते! तीस वर्षं झाली. ते तक्रारगुरुजी पाच वर्षं दर गुरुवारी भिंग घेऊन येतात. मिळाली एक तरी चूक?"

तक्रारगुरुजी म्हणजे निवृत्त गणितशिक्षक. निवृत्तीनंतर माणसं बागेत जातात, हे मगरीचे दात मोजायला यायचे.

"मग हे नवीन जंगलाचं दालन," संचालकबाई म्हणाल्या, "तेही बिनचूक होणार?"

इथं शहाणा माणूस 'बघू या' म्हणतो. बारीकरावांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर आपटली.

"नाव वाचून काम करतो तो कारकून! मी नाव वाचत नाही. मी पक्षी वाचतो! या दालनात जो कुणी एक चूक दाखवेल, त्याच्या हातात ही नमुनाघराची किल्ली. मग तिथं पडदे लावा, नाहीतर ढोल बडवा!"

"ठीक," बाई म्हणाल्या, आणि शांतपणे वहीत लिहून घेतलं. तारखेसकट!

खोलीच्या टोकाकडून कात्रीचा आवाज बंद झाला.

"किल्ली तुझ्या एकट्याची आहे काय रे?" आक्का म्हणाली.

"अगं, चूक निघणारच नाही!"

"मी काय विचारलं?"

बारीकरावांनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली.

*

उद्घाटनाचा दिवस. वेळ अकराची. चाळीस शाळकरी मुलं येणार होती.

दालनात एकच भलामोठा देखावा होता. समोर काच, काचेपुढे उद्घाटनापर्यंत ओढून ठेवलेला कापडी पडदा, आत ओढ्याकाठचं गर्द रान. जमिनीवर आक्काची अठरा हजार पानं, मागच्या भिंतीवर रंगवलेलं आकाश. आणि ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर, सगळ्या रानाचा मुकुटमणी: मुठीत मावेल एवढा एक पक्षी. पोट हळदीसारखं पिवळं, पाठ गडद निळी, डोक्यावर नारिंगीत मिसळलेली जांभळी झाक, चोच आणि पाय शेंदरी. रंगाच्या दुकानात स्फोट झाला आणि नेमका एकच जीव तिथून उडाला असावा, असा! बारीकरावांनी त्यावर सात महिने घालवले होते. नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कप्पा सव्वीसमधला, म्हणून ते त्याला 'सव्विसावा' म्हणत. आदल्या दिवशी काच बसवून कडेनं पुट्टीही भरून झाली होती.

साडेनऊला पहारेकरी तळघरात आला. त्याच्या ओंजळीत टोपी होती आणि टोपीत सव्विसावा.

"साहेब, तुमचा पक्षी दाराशी पडला होता."

काच बंद, पुट्टी ओली, आणि पक्षी बाहेर? ते वाकले. पक्ष्यानं डोळा मिचकावला!

"जिवंत आहे!"

"मग! दाराच्या काचेला धडकला. काचेत झाडं दिसतात ना, त्याला वाटलं पुढंही रान आहे."

बारीकराव बघतच राहिले. तीस वर्षांत त्यांनी शेकडो पक्षी घडवले होते, पण सगळे कप्प्यातले, कापूस भरलेले. आणि हा? याची छाती धपापत होती! त्यांचं भिंग आपोआप पायांकडे गेलं, आणि ते किंचाळले.

"अरे देवा! बोट तुटलंय! एकेका पायाचं एकेक! कुठं धडकला? दाखव जागा! झाडू मारू नका, कुणीही झाडू मारू नका!"

पुढची दहा मिनिटं संग्रहालयाच्या पायऱ्यांवर एक पन्नाशीचा माणूस चार पायांवर चालत, भिंगातून फरशी हुंगत होता. त्याच्यामागे पहारेकरी, तोही चार पायांवर. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय हरवलंय?"

"बोटं! दोन!"

गृहस्थांनी आधी स्वतःचे हात पाहिले आणि मग चाल वाढवली.

बोटं काही मिळाली नाहीत. बारीकराव हताश होऊन खाली आले. तोवर आक्कानं एका खोक्याला भोकं पाडून, तळाला मऊ कापड घालून पक्ष्याला आत ठेवलं होतं.

"डोकं सुन्न झालंय त्याचं," ती म्हणाली. "अंधार हवा आणि शांतता. माणसालाही तेच लागतं, मिळत नाही ही गोष्ट वेगळी."

"आक्का, बारीक तार काढ. मी त्याला दोन बोटं करून देतो!"

"जिवंत पक्ष्याला?"

"कप्प्यातल्या तिघांना दिली नाहीत का? त्यांचीही नेमकी हीच बोटं मोडली होती. पुढची, आतल्या बाजूची. काय निष्काळजी लोक होते आपल्या आधीचे! नुकसान-वहीत नुसता शेरा मारून ठेवला, 'तीन बोटे'. दुरुस्त कुणी करायचं? मी केली! तिघांचे सहा पाय, सहा बोटं!"

आक्कानं हातातलं काम खाली ठेवलं. मग तिनं मागच्या फळीवरचं कागदात गुंडाळलेलं काहीतरी उचललं. देखाव्याखाली लावायची पितळी पाटी. वरच्या कचेरीतून सकाळीच आली होती आणि अजून कुणी उघडली नव्हती. आक्कानं कागद सोडला आणि मोठ्यानं वाचलं.

"तिबोटी खंड्या."

खोलीत एवढी शांतता पसरली की खोक्यातला पक्षी बरा होऊ लागला.

"तीन पक्षी," आक्का हळूच म्हणाली. "त्यात हा एक धरला तर चार. आठ पाय. सगळ्यांचं नेमकं तेच बोट तुटलंय, असं तुला खरंच वाटलं?"

"मला वाटलं... वाईट दिवस होते."

"अरे शहाण्या, त्याच्या नावातच बोटं मोजून दिलीत! आणि तू देवाच्या चुका दुरुस्त करत बसलास!"

पलीकडे, काचेआड, सात महिन्यांच्या मेहनतीचा चार बोटांचा तिबोटी खंड्या बसला होता. खाली पितळी अक्षरांत त्याची चूक लागणार होती, आणि त्याच्यासमोर बरोबर अकरा वाजता भिंग घेऊन तक्रारगुरुजी उभे राहणार होते. दिवस? गुरुवार!

त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. मग आक्काच्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते, पण कात्री उलटी धरली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"वेळ किती झाली?" त्यांनी विचारलं.

"सव्वादहा."

"तार तोडायची पक्कड दे."

*

देखाव्यात शिरायला एकच वाट होती. नमुनाघरातून एक अरुंद बोळ देखाव्यामागे जायचा, आणि तिथं, रंगवलेल्या आकाशात, दीड फूट चौरस दार होतं. ते बारीकरावांनी स्वतःच आखलेलं, याच जागी जुना देखावा होता तेव्हा. अठरा वर्षांपूर्वी. अठरा वर्षांपूर्वीच्या पोटाच्या मापाचं!

डोकं गेलं. खांदे गेले. पोट म्हणालं, मी इथंच बरा आहे.

"ढकल!"

"ढकलतेय!"

"अगं जोरात!"

"जोरातच ढकलतेय, पण तू सकाळी काय काय खाल्लंयस त्याची कल्पना येतेय मला!"

पुढून कुणी पाहिलं असतं तर आकाशात, ढगांच्या थोडं खाली, एक लालबुंद चेहरा उगवलेला दिसला असता. शेवटी आक्कानं पाठ टेकून दोन्ही पायांनी रेटा दिला आणि भाऊ बुचासारखा आत उडाला.

"पानांवर पडू नकोस!" ती ओरडली. पण आकाशातून पडणाऱ्याला जागा निवडता येत नाही.

बारीकराव रांगत फांदीपाशी पोहोचले. डावा पाय. श्वास रोखला. 'कट्'. सात महिन्यांच्या कामातलं एक बोट तळहातावर पडलं. जिवाला लागलं, पण वेळ नव्हता. आता उजवा...

इकडे नमुनाघरात पहारेकरी एकटाच होता. माणूस चांगला. काळजी वाटली, म्हणून त्यानं खोक्याचं झाकण बोटभर वर केलं, पक्षी जिवंत आहे ना ते पाहायला. पक्षी जिवंत होता! बाणासारखा सरळ निघाला, टेबलाच्या उंचीवरून, बोळातून, आक्काच्या कानाजवळून आणि आकाशातल्या दारातून आत!

आणि त्याच क्षणी दालनात गलका उठला. शाळेची बस अर्धा तास आधी पोहोचली होती. जगाच्या इतिहासात अशी पहिलीच वेळ असावी!

"पडदा!" आक्का आकाशातून ओरडली. "आडवा हो!"

"काय?"

"झोप! जमिनीवर! पडदा उघडतायत!"

बारीकराव फांदीखाली काचेकडे तोंड करून कुशीवर आडवे झाले. आक्कानं उरलेल्या पानांचं सबंध पोतं त्यांच्या अंगावर रिकामं केलं आणि आकाश ओढून बंद केलं.

पडदा सरकला.

*

चाळीस मुलं काचेला नाकं लावून उभी राहिली. मागं संचालकबाई. शेजारी तक्रारगुरुजी, भिंग काढलेलं.

"दोन पक्षी आहेत!"

"एक हलतोय! मान हलवतोय बघ, वरखाली!"

संचालकबाईंनी चमकून पाहिलं. कामाच्या कागदावर पक्षी एक होता. "यांनी मोटर कधी बसवली?" त्या पुटपुटल्या.

मोटरनं इकडेतिकडे पाहिलं, आक्कानं जाळ्यात बसवलेला मेणाचा कोळी चोचीत उचलला आणि फांदीवर आपटला. डावीकडे आपट, उजवीकडे आपट, अगदी धोबी कपडे आपटतो तसं! कोळ्याचा एक पाय उडाला. दुसरा उडाला. मग चव कळली असावी. पक्ष्यानं तो मेणाचा गोळा थुंकून टाकला आणि चोच फांदीला पुसली.

"बाई, जमिनीला पोट आहे!" एक छोटी मुलगी म्हणाली.

"टेकडी आहे ती," संचालकबाई म्हणाल्या.

"टेकडी श्वास घेतेय!"

टेकडी खरं तर श्वास न घेण्याची पराकाष्ठा करत होती. तोंडाखाली पानं, नाकात धूळ, मानेखाली किल्ली रुतलेली. फक्त उजवा हात तेवढा पानांबाहेर राहिला होता, पक्कड धरलेला. चेहरा काचेपासून वीतभर अंतरावर. हात आत ओढावा तर मुलं पाहणार.

आणि पक्षी उडाला. अगदी खाली, पानांना चाटत आला, आणि त्या पकडीवर बसला.

वजन जाणवलंच नाही. हातावर काही आलंय हे कळायला बारीकरावांना डोळा उघडावा लागला. पानांच्या फटीतून, सहा इंचांवर, ते शेंदरी पाय. नखं इवलीशी. पुढं दोन बोटं, एकमेकांना बिलगलेली. मागं एक. पकडीच्या दांड्याला त्यांनी असं काही धरलं होतं की जगातल्या कुठल्याही पायाला याहून जास्त काही लागत असेल, हे पटेना. त्याच्या कुशीवरचं एक पिवळं पीस किंचित विस्कटलं होतं. ते श्वासाबरोबर मिटत होतं, उघडत होतं.

बारीकराव किल्ली विसरले. पैज विसरले. नाकातली धूळही विसरले. तीस वर्षं ज्यांचे पाय घडवले, त्यांच्यातला एक आज स्वतःच्या पायांनी येऊन हातावर बसला होता आणि धडा समजेपर्यंत थांबायला तयार होता! त्यांच्या नकळत त्यांचे ओठ हलू लागले.

बाहेर तक्रारगुरुजींनी भिंग नमुन्याच्या पायांवरून खाली आणलं आणि ते ताठ झाले. "थांबा! या फांदीवरच्या पक्ष्याच्या एका पायाला..."

मग त्यांना तो चेहरा दिसला. काचेतून आवाज येत नव्हता. पण मागच्या बाकावरची कुजबूज ओठांवरून ओळखण्यात त्यांची सगळी हयात गेली होती.

"शांतता!" ते म्हणाले, आणि चाळीस मुलं एकदम गप्प झाली. गुरुजी काचेशी वाकले. "जमीन काहीतरी म्हणतेय. एक... दोन... तीन. पुन्हा म्हणतेय. एक, दोन, तीन. तीनच."

पक्षी एकदम उडून आकाशाजवळच्या वेलीवर गेला. जंगलाची जमीन उठून बसली. मुलांनी किंकाळी फोडली, मग टाळ्या! बारीकरावांच्या डोक्यावर, कानांवर, मिशांवर आक्काची पानं होती. त्यांनी संचालकबाईंना पाहिलं. पळायला वाट नव्हती. आकाश बंद होतं. ते काचेपाशी आले आणि बोलू लागले. गुरुजी ओठ वाचत, खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगू लागले.

"मी... चूक केली आहे. या पक्ष्याला... तीनच बोटं असतात. मी चार लावली. हळू बोला हो! कप्प्यातल्या तिघांनाही... लावली. मला वाटलं... तुटली आहेत. मी गाढव आहे. हे तुम्ही म्हणताय, मी नाही, लक्षात घ्या मुलांनो. आक्काची... काही चूक नाही. पानं... बिनचूक आहेत."

बारीकरावांनी गळ्यातून दोरा काढला आणि किल्ली काचेला टेकवली.

"किल्ली देतो, म्हणतायत," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज थोडा उतरला होता.

*

आधी पक्ष्याची सुटका झाली. संचालकबाईंनी दालनातले दिवे घालवले, आक्कानं आकाश उघडलं आणि नमुनाघराची खिडकी सताड उघडी केली. पक्ष्यानं उजेड पाहिला. बोळातून एक निळी-पिवळी रेघ गेली. तो खिडकीच्या चौकटीवर क्षणभर टेकला आणि बारीक शीळ घातली, 'त्सी'.

बारीकराव पाठोपाठ धावत आले होते. दारातून ते या खेपेला पटकन निघाले, भीतीनं माणूस बारीक होतो.

"फार उपकार झाले हो तुमचे," ते पक्ष्याला म्हणाले. चक्क 'अहो-जाहो' केलं! ज्या माणसानं तीस वर्षांत कुणाला धड 'धन्यवाद' म्हटलं नव्हतं! "जपून जा. काचेकडे जाऊ नका."

पक्षी बागेतल्या झाडीत गेला.

मग निवाडा.

"चूक दाखवली कुणी?" संचालकबाईंनी वही उघडली. "गुरुजी, तुम्ही?"

गुरुजींनी पाच वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "पाहिली मी. पण सांगितली त्यांनी आधी. ज्याचे गुण त्यालाच. मी कुणाचे ढापत नाही."

"मला पक्ष्यानं दाखवली," बारीकराव म्हणाले.

"मग आता पक्ष्याच्या गळ्यात किल्ली घालायची का?" आक्का म्हणाली. तिचा आवाज चढा होता, पण हात पदरात लपवलेले होते.

संचालकबाईंनी ते पाहिलं. "गुरुजी, पानांत काही चूक?"

"पानांत?" गुरुजींनी मान हलवली. "पाच वर्षं शोधतोय. एकदा एक उलटं पडलेलं सापडलं होतं. पण तशी जंगलातही पडतात."

"आज ती मुलं पंचवीस मिनिटं त्या काचेसमोर उभी होती," बाई म्हणाल्या. "मी घड्याळ लावलं होतं. पडद्यासमोर मी स्वतःही एवढी उभी राहत नाही." त्यांनी बारीकरावांच्या हातातून किल्ली घेतली. पैज म्हणजे पैज! आणि ती आक्काच्या पुढ्यात धरली. "नमुनाघर आजपासून यांच्याकडे. पुढच्या प्रत्येक देखाव्यात काच बसवण्याआधी गुरुजी आत येऊन मोजतील."

"आत?" गुरुजी म्हणाले. "म्हणजे मी... काचेच्या आत?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग परत पुसला. "पाच वर्षांत मला कुणी आत नाही बोलावलं हो."

"आणि या पक्ष्याचा उजवा पाय तसाच राहू दे. चार बोटांचा. खाली एक पाटी लावू: यातली चूक शोधा."

बारीकराव कळवळले. "माझी चूक? रोज? सगळ्यांसमोर?"

"रोज," आक्का म्हणाली आणि किल्ली गळ्यात घातली. हात पदराबाहेर आले होते. थरथरत नव्हते. "आणि उभा काय राहिलास? कप्पा सव्वीस उघड, सहा बोटं काढ आणि तिघांचीही माफी माग. नाव घेऊन माग! मग झाडू घे. जंगल तूच विस्कटलंयस."

"आक्का..."

"काय?"

"थँक्यू," बारीकराव म्हणाले. दिवसातले दुसरे आभार! आक्कानं चटकन कात्री उचलली, कारण अशा वेळी माणसाला काहीतरी कापायला लागतं.

आता रोज सकाळी बारीकराव कामाला बसण्याआधी पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचतात. दोनदा. दालनात गर्दी असते. मुलं काचेला नाकं लावून चूक शोधतात, आणि सापडली की सूचनावहीत लिहितात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बारीकरावांच्या कामातल्या अकरा चुका लिहून दिल्या. गुरुजींनी तपासल्या. अकराच्या अकरा बरोबर!

त्यात बोटाची एकही नव्हती.

*

त्या सकाळी पावणेदहाला, खोक्यात ठेवण्याआधी, आक्कानं पक्षी डिंक तोलायच्या काट्यावर ठेवला होता. वजन भरलं सोळा ग्रॅम.